घर बंद

परवा आमच्या कॉलेजच्या एनएसएस शिबिरात एक पोरगं सर्वेच्या फॉर्मचा गठ्ठा घेऊन आलं आणि कानकोंडं होऊन म्हणालं, सर, पंचवीस घरं दिली होती त्यातली चौदा बंदच आहेत, काय लिहू. म्हटलं काय लिहू म्हणजे, पहिलाच रकाना आहे ना 'घर बंद', तिथं टिक कर आणि पुढं हो. तरी जाईना. "पण सर, मग आमच्या गटाचं काम कमी दिसतंय की." ह्या 'कमी दिसतंय'वर मी एकदम आठ वर्षं मागं गेलो. हे लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं पण स्वतःचीच चूक सांगायची म्हटलं की माणूस आज-उद्या करतो, तसंच झालं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बीए केलं. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. आईवडील ऊसतोडीला. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, घराला कुलूप लागायचं आणि पाडव्यापर्यंत मी चुलत्याकडे नाहीतर मित्राच्या रूमवर. एनएसएसला नाव दिलं ते समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं, एका सीनियरनं सांगितलं की सर्टिफिकेटचा पुढं ॲडमिशनला उपयोग होतो आणि शिबिरात सात दिवस दोन वेळचं गरम जेवण मिळतं. खरं सांगायचं तर दुसरं कारण जास्त मोठं होतं, कारण त्या दिवसांत मी खिचडीवर होतो, तीही बऱ्याचदा एकच वेळ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. छातीवर बिल्ला असतो त्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक, त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. ब्रीद काय तर 'नॉट मी बट यू'. दोन वर्षांत २४० तास काम, म्हणजे वर्षाला १२०, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर दत्तक गावात. कागदावर विद्यापीठानं माणूस घडवायचा म्हटलं तर ह्याच्याइतकी चांगली योजना नाही असं माझं आजही मत आहे, वर्गात बसवून नीतिमत्ता शिकवण्यापेक्षा तर शंभर पटीनं बरी.

पण ते १२० तास कसे भरले जायचे ते ज्यांनी भरलेत त्यांना माहितीये. प्रत्येकाला एक डायरी. ऑगस्टमध्ये अर्धा तास खड्डे खणले की डायरीत 'वृक्षारोपण, ४ तास'. रॅलीत फोटोपुरतं उभं राहिलं की 'जनजागृती, ३ तास'. डिसेंबरात सगळे एका बाकावर बसून एकमेकांच्या डायऱ्या बघून तारखा उतरवून काढायचे, सर गठ्ठ्यानं सह्या करायचे. कोणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही, मला पण नाही, उलट माझं अक्षर चांगलं म्हणून मी चार जणांच्या डायऱ्या लिहून दिल्या होत्या आणि त्याच्या बदल्यात दोन वडापाव खाल्ले होते.

शिबिर २० ते २६ जानेवारी २०१८. मी एसवायला, शिबिरनायक. शिबिरनायक म्हणजे पहाटे पाचला शिट्टी मारायची, प्रार्थना, प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, मग गटचर्चा, रात्री सांस्कृतिक, आणि सगळ्यात शेवटी त्या दिवसाचा अहवाल वाचायचा. पोरं शाळेच्या वर्गात, पोरी समाजमंदिरात. थंडी इतकी की सतरंजीवर सतरंजी टाकून पण दात वाजायचे.

बौद्धिक सत्राचं एक सांगतो. तिसऱ्या दिवशी विषय होता 'युवकांचे नैतिक नेतृत्व', मोठे वक्ते, दीड तास उशिरा आले. आम्ही दोन वाजल्यापासून सतरंजीवर मांडी घालून. आल्यावर हार, श्रीफळ, शाल, स्वागतगीत, मग एनएसएसची ती टाळी, वन टू वन टू थ्री. मग सव्वा तास शिवाजी महाराज, विवेकानंद, कलाम, वेळेचं महत्त्व. वेळेचं महत्त्व आलं तेव्हा मागच्या रांगेत जे हसू फुटलं ते आवरता आवरेना.

त्या रात्रीचा हिशोब मात्र लक्षात राहण्यासारखा. आमच्या सरांनी एक चांगली सवय लावलेली, रोज रात्री भोजन समितीनं दिवसाचा खर्च फळ्यावर लिहायचा. तेव्हा अनुदान एका स्वयंसेवकामागे सात दिवसांना ४५० रुपये, पन्नास पोरं म्हणजे साडेबावीस हजार, म्हणजे एका पोरामागे दिवसाला ६४ रुपये, त्यात दोन जेवणं, नाष्टा, दोन चहा, मांडव, माईक सगळं आलं. तर फळ्यावर लिहिलेलं, तूरडाळ इतकी, तेल इतकं, कांदे, मिरची, गॅस, आणि खाली 'किरकोळ १८०'. एफवायची एक पोरगी होती, बारीक आवाजाची, शिबिरात पहिल्यांदाच आलेली, तिनं हात वर केला. "सर, किरकोळ म्हणजे काय?" सगळे हसले, मी पण हसलो. भोजन समितीचा पोरगा गडबडला, मग निघालं की तो हार आणि शालीचा खर्च होता. सर दोन मिनिटं गप्प, मग उठून फळ्यावरचं किरकोळ पुसलं आणि म्हणाले हे माझ्याकडून, पोरांच्या डाळीतून पाहुण्याची शाल नको. त्या पोरीला आम्ही दुसऱ्या दिवसापासून 'ऑडिटर' म्हणायला लागलो. चिडवायला, कौतुकानं नाही.

आता सर्वेचं. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी घरोघरी फॉर्म भरायचे होते, कुटुंबप्रमुख, माणसं किती, शिक्षण, पाणी कुठून, शौचालय आहे का, वापरता का. तेव्हा सगळीकडे हागणदारीमुक्तीचा जोर, बारा हजार अनुदान, पहाटे गुड मॉर्निंग पथकं, प्रत्येक गावावर आकडा पूर्ण करायचं प्रेशर. माझ्या गटाला वस्ती आली, ४८ घरं. सरांचं वाक्य अजून कानात आहे, "एकही फॉर्म कोरा नको."

वस्तीवर गेलो तर कुलूप, कुलूप, म्हातारी, कुलूप, म्हातारा आणि दोन लेकरं, कुलूप. जानेवारी महिना, सगळे कारखान्याला. ह्यात नवल काय, मला तर हे दुसऱ्या कोणी सांगायचीही गरज नव्हती. त्याच वेळी माझ्या घराला पण तसंच कुलूप होतं, तसंच पितळी, तशीच दाराला कडब्याची पेंढी टेकवलेली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत ३१ फॉर्म झाले. राहिले १७. बाकीचे गट शाळेकडं निघालेले दिसत होते, संध्याकाळी सर गटवार आकडे वाचणार, आणि शिबिरनायकाचाच गट मागं. मग आम्ही मारुतीच्या पारावर बसलो, गावातलं एक आठवीतलं पोरगं बोलावलं, त्याला प्रत्येक घराचं नाव विचारलं, माणसं किती विचारलं, तो अंदाजे सांगायचा, मी लिहायचो. शौचालय? "बांधलेत बहुतेक सगळ्यांनी." वापरतात? त्याला काय माहीत. मी सतरा वेळा 'होय' लिहिलं. सह्यांच्या जागी कोणी अंगठा उठवला, कोणी वळणदार सही केली. पंचवीस मिनिटांत काम खलास. ऑडिटर आमच्याच गटात होती, ती पाराच्या कडेला गप्प बसलेली, तिनं एकदाच विचारलं, "दादा, हे चालतं का?" मी म्हटलं, "चालतं गं, कोण बघतंय."

परत येताना एका बंद घराशेजारचं शौचालय उघडं होतं म्हणून डोकावलो. आत सरपण रचलेलं, भांड्यावर फरशी टाकून वर खुराडं, एक कोंबडी माझ्याकडं बघत बसलेली. दारावर लाभार्थ्याचं नाव आणि साल रंगवलेलं. ते नाव मी अर्ध्या तासापूर्वीच लिहिलं होतं, 'वापर: होय'. बघितलं आणि निघून आलो. कोंबडीचा जोक करून सांगितला पण सगळ्यांना.

संध्याकाळी आमच्या गटाचे ४८ पैकी ४८. टाळ्या.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं की ग्रामसभा. सरांचा आग्रह होता की शिबिराचा समारोप दुपारी करू, आधी पोरांनी ग्रामसभा बघायची, नागरिकशास्त्रात नुसती वाचलीये ना. बघण्यासारखी होतीच. ग्रामसभेला कोरम लागतो, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. निम्मं गाव कारखान्यावर असताना हा कोरम कुठून व्हायचा, मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, असं आमच्या भागात वर्षानुवर्षं चालतं. मला तर वाटतं ऊसतोडीच्या गावांत २६ जानेवारीची ग्रामसभा ही उरलेल्यांची सभा असते, ज्यांच्याबद्दल ठराव होतात ते तिथं नसतातच. त्या दिवशी आम्ही पन्नास पोरं असल्यामुळं बघायला म्हणून गर्दी झाली आणि रजिस्टरवर सह्या कशाबशा भरल्या.

ग्रामसेवकानं मागचं इतिवृत्त वाचलं, कोणी ऐकत नव्हतं. मग पाणीपट्टी, मग घरकुलाची यादी, त्यावर थोडा आरडाओरडा. मग सरपंच उठले आणि हातात आमचे फॉर्म. म्हणजे आमचाच तो गठ्ठा, वर माझ्या अक्षरात गटाचं नाव. आदल्या रात्री सरांनी गावाला उपयोग होईल म्हणून कौतुकानं दिलेला. सरपंच म्हणाले, कॉलेजच्या मुलांनी घरोघरी फिरून सर्वे केलाय, वस्तीवर शौचालय वापर शंभर टक्के, त्यांच्या सर्वेच्या आधारे ठराव घेऊ.

माझ्या पोटात खड्डा पडला म्हणतात ना, तो काय असतो ते तेव्हा कळलं.

बायकांच्या बाजूनं एक आजी उठली, पदर सावरत. "वस्तीवरले सगळे म्हंता? माझ्या लेकीच्या घराला दिवाळीपसून कुलूप हाये. तिनं कव्हा सांगितलं ह्या लेकरान्ला?" कोणीतरी हसलं. सरपंचांनी आमच्याकडं बघितलं, सरांनी माझ्याकडं बघितलं. मी बुटाकडं बघितलं. कॅनव्हासचे पांढरे बूट, डाव्याची लेस सुटलेली, ती मी बांधायला लागलो. हे सगळं डिटेलमध्ये आठवतं कारण मी फक्त लेसच बघत होतो.

आणि ऑडिटर उठली. आवाज इतका बारीक की माईक असता तरी पुरला नसता. म्हणाली, "वस्तीवरचे सतरा फॉर्म आम्ही पारावर बसून भरले. घरं बंद होती." एवढंच. बसली. माझं नाव नाही घेतलं, 'आम्ही' म्हणाली, जी एकटी त्यात नव्हती तीच.

सरपंच वाईट माणूस नव्हते, हसून म्हणाले जाऊ द्या, पोरं आहेत, चालायचंच. ग्रामसेवक वैतागला, त्याला आकडा पाहिजे होता. सर उठले. मला वाटलं आता सावरून घेतील, कॉलेजची अब्रू आहे. ते म्हणाले, ठरावातून कॉलेजचं नाव काढा, फॉर्म आम्हाला परत द्या, आमची चूक आहे, लोक परत आले की पुन्हा करून देऊ. फॉर्म परत मिळाले. ठराव मात्र झालाच, कॉलेजचं नाव तेवढं काढून. त्याच एप्रिलमध्ये राज्याचा सगळा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, त्यात ती कोंबडी पण आली.

समारोपात उत्कृष्ट स्वयंसेवक म्हणून माझं नाव छापलेलं होतं, सरांनी वाचलंच नाही. दुसऱ्या कोणाचंही नाही वाचलं. मला वाटलेलं रागावतील, चारचौघांत झाडतील, त्यापेक्षा हे वाईट होतं. सोमवारी स्टाफरूममध्ये बोलावलं, डायरी आण म्हणाले. लाल पेन घेतला आणि एकेका नोंदीवर विचारलं, हे झालं होतं? वृक्षारोपण चार तास? "अर्धा तास, सर." रेघ. रॅली तीन तास? रेघ. ११८ तासांतले शेवटी ५३ उरले. मग पेन खाली ठेवून म्हणाले, ह्या प्रत्येक पानावर सही माझी आहे, बघितल्याशिवाय केलेली, आणि एकही फॉर्म कोरा नको असं म्हणणारा पण मीच. त्यांनी प्राचार्यांना तसं लेखी दिलं, त्यावरून त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं ते आम्हाला शिपायाकडून कळलं, ते इथं नको. उरलेले तास मी उन्हाळ्यात भरले. ग्रंथालयाची पुस्तकं पुसली, एका गावात नाला खोलीकरणावर गेलो, मे महिन्याचं ऊन, हातांना फोड. खरे ६७ तास किती मोठे असतात ते अंगाला कळलं.

फेब्रुवारीत सरांनी एसटीनं हिवरे बाजार ह्या आदर्श गावाला नेलं होतं, तेही सांगायला पाहिजे. १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले, त्याआधी तिथूनही माणसं पोट भरायला बाहेर जायची, पुढं बरीच कुटुंबं परत आली. दरवर्षी पाऊस किती पडला त्यावर पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि ग्रामसभेत ठरतं कोणती पिकं घ्यायची. बाकीचे तिथं झाडं आणि बंधारे बघत होते. माझ्या डोक्यात एकच, पाऊस कमी पडला तर हे लोक कमीच लिहितात, नाहीतर सगळा ताळेबंदच खोटा.

आता मी तासिका तत्त्वावर शिकवतो, सीएचबी, म्हणजे पगार कधी येईल ते विचारू नका. एनएसएसचं काम मदतनीस म्हणून बघतो. नवीन शैक्षणिक धोरणात एनएसएसला क्रेडिट आलेत, यूजीसीचं 'मूल्य प्रवाह' म्हणून मूल्यांवरचं मार्गदर्शक पण आहे, २०१९ चं आणि मग २०२३ ला दुसरं, वाचलंय मी, चांगलं आहे. पण क्रेडिट आलं की तास भरायची घाई अजून वाढते, आणि आता तर जिओटॅग फोटो मागतात, तर पोरं पारावर बसूनच चार बाजूंनी चार फोटो काढतात. कोण कुठल्या पळवाटेनं जातं ते मला बरोबर कळतं, मी त्याच वाटेनं गेलेलो आहे. म्हणून फॉर्मवर पहिला रकाना 'घर बंद' आणि गटवार आकडे वाचून दाखवायचे बंद केले, टाळ्या पण बंद. दर दहा फॉर्ममधला एक दुसऱ्या गटानं जाऊन तपासायचा. आणि पंचायतीला देण्याआधी वस्तीवर वाचून दाखवायचं, तिथंच आजीसारखं कोणीतरी उठतं. फळ्यावरचा हिशोब चालूच आहे. पाहुण्यांना वीस मिनिटं, त्याबद्दल मात्र काही लोक नाराज असतात.

ऑडिटर आता कुठं आहे विचाराल तर नोकरी करते, फोनवर बोलणं होतं. एकदा तिला विचारलं की तेव्हा भीती नाही वाटली का. म्हणाली वाटली की, पण ती आजी माझ्याकडंच बघत होती.

एप्रिलचं राहिलं. पाडवा होऊन गेलेला, माणसं परतलेली, आम्ही गटातले अकरा जण आणि सर वस्तीवर गेलो. सतरा घरं, दोन दिवस, एकेका घरी अर्धा-पाऊण तास कारण आधी बसायला घोंगडी, मग पाणी, मग चहा, मग बोलणं. सतरातल्या अकरा घरी शौचालय होतं, वापरत होते चार. का नाही वापरत विचारलं तर एका बाईनं कोपऱ्यातल्या घागरीकडं बोट केलं, टँकरचं पाणी, प्यायला पुरेना, त्यात कुठं ओतता. आमच्या फॉर्मवर ह्याला रकानाच नव्हता, मी मागच्या बाजूला लिहिलं.

शेवटी त्या आजीच्या लेकीचं घर. ती चुलीपुढं, आजी उंबऱ्यात. आजीनं मला ओळखलं, काही बोलली नाही, नुसतं "ये बाळा" म्हणाली. मी जुना फॉर्म पुढं केला, सांगितलं की हा मी तुम्हाला न विचारता भरला होता, आता पुन्हा भरतो. लेकीला वाचता येत होतं. फॉर्म हातात घेऊन तिनं सगळा वाचला, मग 'कुटुंबातील सदस्य ५' वर बोट ठेवलं आणि हसली. "सहा." आत झोळी टांगलेली होती. कारखान्यावर कोपीतच, म्हणजे तिथल्या झोपडीतच, बाळंत झाली होती, तिथून आठव्या दिवशी परत उसाच्या फडात. मी ५ वर रेघ मारून ६ केलं. नावाच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाली अजून ठेवलं नाही, म्हणून 'मुलगी, दीड महिना' एवढंच लिहिलं, आणि खाली तिनं सही केली.